ग्रहणात दार बंद होतं

गुरुवार, ९ एप्रिल

पोरा,

वर 'चिरंजीव' घालू का, असं लिहिणारीनं विचारलं. म्हटलं, नुसतं 'पोरा' घाल, त्याला कळेल की मी चिडले आहे.

लिहिणारी कोण ते अक्षरावरून ओळखलंच असशील. हो, तुझीच बायको. मला अक्षर येत नाही आणि तू फोन उचलत नाहीस, तेव्हा तिच्या हाताशिवाय मला दुसरा हात नाही. जिच्यावर तू आळ घेतलास तिच्याकडूनच हे लिहून घ्यावं लागतंय. मला याची लाज वाटत नाही. तुला वाटली तर बघ. मी बोलेन तसंच लिही, एक शब्द गाळू नकोस, अशी तिला ताकीद दिली आहे. शिव्या गाळेल, हे मला माहीत आहे. जिथं वाक्य लंगडं वाटेल तिथं तूच एक शिवी घालून वाच.

तुझा तो फिटर मित्र काल येऊन गेला. आत ये म्हटलं तर आला नाही. दारातच उभं राहून, बुटाच्या टोकानं फरशी उकरत त्यानं तुझा निरोप सांगितला. शाळेला सुट्टी लागली की तू तुझ्या ताईला घेऊन येणार आणि मुंगीला कायमची ताईच्या घरी नेऊन ठेवणार. का, तर तिची आई ग्रहणात घराबाहेर पडली, आईच्या ओढीनं पोर बाहेर पडली आणि डोळा गमावून बसली. अशा बाईपाशी पोर ठेवायची नाही.

सात वर्षांची पोर म्हणजे काय तुझी वेल्डिंगच्या गॅसची नळी आहे, मित्राकडून निरोप देऊन मागवायला?

आधी डोळ्याचं सांगते, कारण ते विचारायला तू मित्राला सांगितलंच नव्हतंस. डोळा गेलेला नाही. उजव्या डोळ्यानं बघितलं की मधोमध एक डाग येतो, कडेचं सगळं दिसतं. माझ्याकडे बघते तेव्हा तिला माझे कान दिसतात, नाक दिसत नाही. म्हटलं, नशीबवान आहेस, नाकच जास्त वाईट आहे. तेव्हा हसली. मग पुस्तक उघडून म्हणाली, आजी, शब्दाच्या मधलं अक्षर पळून जातं. म्हटलं, माझी तर पहिली-शेवटचीही पळालेली आहेत, तरी दोन वेळा जेवते ना मी! तेव्हा मात्र हसली नाही. म्हणून मीही विनोद आवरते आणि तुझ्याकडे वळते.

ग्रहणाच्या दिवशी सकाळपासून तू घराचं गाठोडं बांधत होतास. पुढच्या खिडक्यांना चादरी लावल्यास, मागच्या खोलीच्या खिडकीला कामावरची ताडपत्री ठोकलीस. बायकोला म्हणालास, आज बस चालवायला जायचं नाही. ती म्हणाली, मी गेले नाही तर लोक कामावरून घरी कसे येतील? तू म्हणालास, आज कोणी बाहेर पडणारच नाही. ती गेली. ती सांगते, बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ग्रहणाच्या गोष्टी सांगून तुझ्या मुकादमानं घाबरवलेला माणूस अख्ख्या गावात तू एकटाच निघालास.

मग माझ्याकडे वळलास. आई, आत ये, सावली अंगावर पडेल. मी म्हटलं, तुझ्या बापाची सावली जन्मभर पडली अंगावर, ही घडीभराची काय करणार? तू चिडून माझ्या पाठीमागे दार लावलंस, आतून कडी घातलीस. मी पायरीवर बसून वाटाणे सोलले. उजेड राखेसारखा झाला, गार वारं सुटलं, समोरचा कुत्रा गोंधळून झोपायला गेला. मी वर बघितलं नाही. वर काय बघायचं, वाटाणे खाली होते. ग्रहण सुटलं तोवर टोपली भरली. आता सांग, मला काय झालं? गुडघे दुखतात, पण ते तुझ्या जन्माच्या वेळेपासून.

आपल्या घराला दारं किती? एक. त्या दारात कोण होतं? मी. मुंगी म्हणते, आईची बस कोपऱ्यावरून जाताना बघायला मी बाहेर गेले आणि तेव्हाच वर बघितलं. बाहेर गेली असती तर माझ्या मांडीवर पाय देऊन गेली असती. तू म्हणतोस, मी दारामागे खुर्चीवर होतो, माझा डोळा लागला, तेवढ्यात ती सटकली, आणि आई, तू शेजारणीशी गप्पा मारत होतीस. अरे, शेजारीणही घरात लपली होती. गप्पा कुणाशी मारणार मी, वाटाण्यांशी?

पोर खोटं बोलते आहे. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या खोट्यावर तू तिच्या आईला फासावर लटकवून मोकळा झालास, बॅग उचललीस आणि तेलाच्या टाक्या जोडायला निघून गेलास. पोरीनं सांगितलं ते तुला हवंच होतं, म्हणून तू दुसरा प्रश्न विचारला नाहीस.

सूनबाईनं पेन खाली ठेवलंय. म्हणते, आई, एवढं टोचून नका लिहायला लावू. मी म्हटलं, टोचायलाच तर लिहितोय.

उत्तर तू स्वतः दे. मित्राला पाठवू नकोस, आमची फरशी उकरायची सवय लागेल त्याला.

तुझी आई

(अंगठा लावू का विचारलं, तर ती म्हणाली, घरच्या पत्राला अंगठा लागत नाही.)

सोमवार, २० एप्रिल

पोरा,

तुझं उत्तर नाही. ताईचा मात्र फोन आला. मुंगीसाठी खोली रिकामी केली आहे म्हणे, पलंग भिंतीकडे सरकवला आहे. तिला म्हटलं, पलंग परत मधे आण, स्वतः झोप त्यावर. तिनं फोन ठेवला. तुम्हा दोघा भावंडांना फोन ठेवायला कुणी शिकवलं, कोण जाणे. मी तर नाही शिकवलं, मला तो उचलायलाच उशिरा जमलं.

आज मुंगीला पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तू पहिल्या खेपेला आला होतास, तेव्हा त्या बोलत असताना तू बाहेर जाऊन ओट्यावर बसलास. म्हणून त्यांनी काय सांगितलं ते तुला माझ्याकडून ऐकावं लागतंय, आणि मी काही त्यांच्याएवढी गोड बोलत नाही.

मी त्यांना सरळ विचारलं, बाई, ग्रहणात बाहेर हिंडलं तर काही होतं का? त्या म्हणाल्या, हिंडा, भाजी आणा, कपडे वाळत घाला. ती चंद्राची सावली असते, झाडाची असते तशीच. अंगाला चिकटत नाही. मग मी विचारलं, पोरीला झालं ते काय? त्या म्हणाल्या, सूर्याकडे टक लावून बघितलं की डोळ्याच्या आतला पडदा भाजतो. एरवी आपल्याला बघवतच नाही, डोळे मिटतात. ग्रहणात उजेड मंद होतो म्हणून डोळा उघडा राहतो, आणि भाजताना दुखत नाही. दुखत नाही हेच वाईट. मग ते बघणं अंगणातून असो की घरातून, सूर्याला काही फरक पडत नाही.

'घरातून' हा शब्द त्यांनी काढला आणि मुंगीनं मान खाली घातली. मी बघितलं, तिच्या आईनं बघितलं, डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. त्यांनी आम्हा दोघींना म्हटलं, जरा बाहेर बसता का? आम्ही बसलो. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग नाक शिंकरणं.

पोरा, ती बाहेर गेलेली नव्हती. घरातच होती. तिनं कुठून बघितलं आणि आपल्याशी खोटं का बोलली, दोन्ही मला आता कळलं आहे.

ते या पत्रात मी लिहीत नाही. लिहिणार होते, चांगलं कडकडीत लिहिणार होते. पण लिहिणारी ऐकेना. म्हणाली, "आई, तो उंच टाकीवर चढून काम करतो. हे वाचून डोक्यात घोळवत चढला तर? इथं येऊ दे, जमिनीवर उभा असताना सांगू."

जिला तू पोर सांभाळायला नालायक ठरवलंस, ती तुझा पाय घसरू नये म्हणून पेन अडवून बसली आहे. मी तिला म्हटलं, मूर्ख आहेस. म्हणाली, असेन. मग हेच लिही म्हटलं, तर तेही लिहीत नव्हती. हात धरून लिहवून घेतलं.

तेव्हा ये. ताईला आणू नकोस. एकटा ये आणि ऐकून घे.

तुझी आई

शनिवार, २५ एप्रिल

पोरा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. सूनबाईनं मला वाचून दाखवलं, आणि माझ्यासारखंच तिनंही एकही शब्द गाळला नाही. तू लिहितोस, "आई, तू म्हातारी झालीस. ही पत्रं तू सांगतेस की तीच रचते, मला कसं कळणार? घरात होती म्हणे! घरात सगळं बंद होतं, मी स्वतः बंद केलं होतं. मी सुट्टीची वाट बघत नाही. येत्या तीन तारखेला, रविवारी, मुंगीला न्यायला येतो."

तीच रचते! बरं. मग तिला माहीत नसलेलं एक सांगते. तू वेल्डिंग नवीन शिकत होतास, मिसरूड फुटत होतं. उस्ताद सांगत होता मुखवटा घाल, तू शहाणा, नुसतेच डोळे किलकिले करून झाळलंस. घरी आलास तो भिंत धरत. डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून माझ्या मांडीवर पडलास आणि "आई, वाळू काढ, डोळ्यातली वाळू काढ" म्हणून ओरडत होतास. वाळू नव्हतीच. मी पोळलेल्या डोळ्यांवर फुंकर घालत बसले आणि तुझ्या बापाला सांगितलं, पोराला डोळे आले आहेत. लग्न झाल्यावर बायकोला तू सांगत आलास की मी मुखवट्याशिवाय कधी ज्योत पेटवलीच नाही. आत्ता हे लिहिताना ती पेन थांबवून हसली, तुझ्या पत्रानंतर पहिल्यांदा. पटलं का, कोण बोलतंय ते?

आता ऐक. लिहिणारी अजूनही नको म्हणते. तिला सांगितलं, तू नाही लिहिलंस तर मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन लिहवून घेईन, मग अख्खी गल्ली वाचेल. तेव्हा बसली आहे. तू हे वाचशील तेव्हा खाली बस. वर चढलेला असशील तर उतर, मग पुढचं वाच.

उतरलास?

मागच्या खोलीच्या खिडकीला तू जी ताडपत्री ठोकलीस ती तुझ्या कामावरची. किती वर्षं ठिणग्या झेलत होती ती! तिची चाळण झालेली आहे. त्या खोलीत दुपारचं ऊन थेट येतं. तू पोरीला तिथं बसवलंस, म्हणालास, बाहेर जायचं नाही, आणि ताडपत्रीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. खोलीचं दार ओढून घेतलंस.

पोर अंधारात बसली. समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले होते. बघता बघता ते सगळे ठिपके एका बाजूनं कुरतडल्यासारखे झाले. मग बारीक चंद्रकोरी झाल्या. ती म्हणते, आजी, भिंतभर कापलेली नखं सांडली होती, चमकणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो सूर्यच होता, भोकाभोकातून आलेला, आणि भिंतीकडे बघत राहिली असती तर तिच्याएवढं सुरेख आणि बिनधोक ग्रहण कोणी बघितलं नसतं. पण सात वर्षांची आहे ती. ही नखं येतात कुठून, ते तिला बघायचं होतं. कोणी तिला सांगितलं होतं का, की वर बघू नकोस? बाहेर जाऊ नकोस म्हणाला होतास. ती बाहेर गेली नाही. हात लावू नकोस म्हणाला होतास. तिनं हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून स्टुलावर चढली आणि सगळ्यात मोठ्या भोकाला उजवा डोळा लावला. तशीच लावून राहिली, सूर्याचा कुरतडलेला तुकडा भरून येईपर्यंत.

खाली उतरली तेव्हा डोळ्यापुढे काळं होतं. तू विचारलंस, काय झालं? ताडपत्रीचं नाव घेतलं तर तू मारशील. म्हणून म्हणाली, बाहेर गेले होते, आईची बस बघायला. तिला वाटलं, आई तर रागावत नाही, आईचं नाव घेतलं तर काय बिघडतं?

पोरीला सूर्याची भीती नव्हती. तुझी होती. ग्रहणाच्या सावलीपासून वाचवायला निघालास आणि तिच्यावर स्वतःची पाडलीस.

रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना तू ओरडतोस, ए, ज्योतीकडे बघू नका! वेल्डिंग करताना पुढे लाल पडदा लावतोस, अनोळखी माणसाच्या डोळ्यांसाठी. उजेड डोळा जाळतो हे गल्लीत तुझ्याएवढं कोणाला माहीत आहे? आणि तू धोका शोधलास कुठं, तर हवेत, पायरीवर, बायकोच्या बसमध्ये. ज्यानं जाळलं ते तुझ्याच भिंतीवर नाचत होतं आणि तू दारामागे खुर्चीत घोरत होतास.

तीन तारखेला येतोस ना? ये. मुंगी कुठेही जाणार नाही. ताईला आणलंस तर दोघांनाही पायरीवरून परत पाठवीन, आणि मी काय बोलेन ते लिहून घ्यायला तेव्हा कोणी लागणार नाही.

तुझी आई

रविवार, १० मे

पोरा,

तू टाकीवर परतलास, पोचल्याचा फोन केलास, तो उचलला सूनबाईनं आणि तू म्हणालास, "आईला दे." गाढवा. हे पत्र त्यासाठी आहे.

गेल्या रविवारी तू गेल्यावर इथं काय झालं ते तुला माहीत नाही, आणि तू असताना काय झालं ते तुला नीट कळलंय असं मला वाटत नाही. म्हणून दोन्ही सांगते.

तू एकटा आलास, हे चांगलं केलंस. सूनबाई कामावर होती. तुला मी घरात घेतलं नाही, कारण जिच्याशी बोलायचं ती घरात नव्हती. तू भर दुपारी फाटकापाशी उन्हात उभा राहिलास. बाहेर, उघड्यावर. येणारे-जाणारे विचारत होते, काय रे, आत का जात नाहीस? आणि तू म्हणत होतास, वारा खातोय. वारा नव्हता. मला आतून दिसत होतं, तुझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी तुला पाणी दिलं, तेवढीच आई झाले.

ती आली. गणवेशातच, घामेजलेली. तू म्हणालास, "झालं ते झालं. पोर इथंच राहू दे."

एवढंच! जणू तूच दान करत होतास. तिनं तुझ्याकडे बघितलं आणि बाजूनं आत जायला लागली. मी तोंड उघडणार होते, चांगलं मोठं उघडणार होते. पण त्याआधी दाराआडून मुंगी बोलली. तू आल्यापासून ती दारामागे उभी होती, हे तुला माहीतही नव्हतं. म्हणाली, "बाबा, मी ताडपत्रीला हात नाही लावला. खरंच नाही लावला. नुसता डोळा लावला."

तेव्हा तू फाटकातच खाली बसलास. पॅन्टला माती लागली. आणि मग म्हणालास ते बरोबर म्हणालास, ते माझ्या लक्षात आहे, आणि गल्लीतल्या चार खिडक्यांच्याही लक्षात आहे. "तुझ्या आईचा काही संबंध नव्हता. तुझाही नव्हता. मी बांधलं होतं ते सगळं." पोर तुझ्याजवळ आली नाही, हे तुला लागलं. लागू दे. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. ते एक पाऊल मी बघितलं. तू मातीकडे बघत होतास.

तुझी गाडी होती, तू गेलास. तू गेल्यावर मुंगीनं विचारलं, "बाबा माझ्यावर रागावले नव्हते?" सूनबाई म्हणाली, "नाही." मुंगी म्हणाली, "मग आवाज तसा का होता?" सूनबाईनं गणवेशही बदलला नाही, तशीच पलंगावर पाठ करून पडली. तुझं ऐकून तिचं मन भरून आलं असं तुला वाटत असेल, तर तसं झालेलं नाही. महिनाभर शेजारपाजारच्या बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या, आपल्या पोरांना तिच्या हातून खाऊ घेऊ देत नव्हत्या. तुझ्या एका वाक्यानं ते धुतलं जात नाही. मी तुझी आई असून मला अजून राग आहे, तिचा तर असणारच.

डोळ्याचा डाग किंचित लहान झालाय. माझं नाक दिसायला लागलंय, थोडंसं, वाकडं. म्हटलं, मग बरोबर दिसतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून काही महिने लागतील, बहुतेक भरून येईल, सगळं येईलच असं लिहून देत नाही.

पत्र संपवताना मी लिहिणारीला विचारलं, तुझं काही घालायचंय का यात? ती उठली, नळ सुरू करून उगाच धुतलेली भांडी परत धुतली. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, बरं, मग माझं नाव घालून बंद कर.

तर हात पुसत आली, बसली आणि मला न विचारता लिहायला लागली. काय लिहितेस म्हटलं, तर वाचून दाखवलं. ते असं आहे:

"मुंगीची पुढची तपासणी एकवीस तारखेला दुपारी आहे. माझी बस त्या वेळेला असते, बदली मिळत नाही. तू तिला न्यायला येणार होतास ना? ये. डॉक्टरांपर्यंत ने. रस्त्यानं तिचा हात धर, तिनं धरू दिला तर. आत त्या बोलतील तेव्हा बाहेर जाऊन बसू नकोस. आणि संध्याकाळी माझी पोर मला परत आणून दे."